अमेरिकन विद्यापीठात टीए-आरएंची युनियन: पहिल्या यादीपासून सही झालेल्या करारापर्यंत

अमेरिकेतल्या विद्यापीठात आठवड्याला वीस तास शिकवणाऱ्या (टीए, म्हणजे टीचिंग असिस्टंट) किंवा लॅबमध्ये काम करणाऱ्या (आरए, म्हणजे रिसर्च असिस्टंट) पीएचडीच्या विद्यार्थ्याकडे, युनियन नसेल तर, सहसा एकच कागद असतो: ऑफर लेटर. पुढच्या वर्षी स्टायपेंड किती वाढेल, फी कोण भरेल, प्रोफेसरने तीस तास काम सांगितलं तर दाद कुठे मागायची, याबद्दल त्यात फारसं काही नसतं. युनियनचा करार या गोष्टी लिहून काढतो, आणि विद्यापीठाने तो मोडला तर प्रकरण बाहेरच्या लवादापुढे नेता येतं. पहिलं कार्ड (‘मला युनियन हवी’ असा सहीचा कागद) भरण्यापासून पहिल्या करारापर्यंत दोन वर्षं सहज जातात. त्या दोन वर्षांत काय, कोणत्या क्रमाने करायचं आणि कुठे घसरायला होतं, ते पुढे आहे. मजकूर मुख्यतः टीए-आरएंना धरून लिहिला आहे. डायनिंग हॉलमध्ये काम करणाऱ्या अंडरग्रॅड विद्यार्थ्यांनाही बहुतेक पायऱ्या लागू पडतात. ग्रिनेल कॉलेजात अशा विद्यार्थ्यांनी २०१६ मध्येच युनियन उभी केली.

आधी कायदा कोणता लागतो ते पाहा

विद्यापीठ खासगी असेल तर १९३५ चा राष्ट्रीय कामगार संबंध कायदा लागतो आणि मतदान, तक्रारी वगैरे एनएलआरबी हे केंद्रीय मंडळ पाहतं. टीए-आरए कामगार आहेत की नुसते विद्यार्थी, यावर या मंडळाने आपलं मत वेळोवेळी फिरवलं आहे: २००० मध्ये न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीच्या प्रकरणात ‘कामगार आहेत’, २००४ मध्ये ब्राउनच्या प्रकरणात ‘नाहीत’, २०१६ मध्ये कोलंबियाच्या प्रकरणात पुन्हा ‘आहेत’. त्यामुळे मंडळावर त्या वेळी कोण बसलंय हे पाहूनच अर्ज करायचा असतो. २०१८ मध्ये येल, शिकागो आणि बॉस्टन कॉलेजच्या युनियननी आपले अर्ज मागे घेतले. तेव्हाचं मंडळ त्यांच्याच अर्जाच्या निमित्ताने २०१६ चा निकाल उलटवेल, ही भीती होती. दुसरी वाट म्हणजे मंडळाला बाजूला ठेवून थेट विद्यापीठाशी मतदानाचा समझोता करणं. जॉर्जटाउनमध्ये तसंच झालं: २०१८ मध्ये खासगी लवाद संस्थेने मतदान घेतलं आणि २०२० मध्ये पहिला करार झाला.

विद्यापीठ सरकारी असेल तर हा केंद्रीय कायदा लागत नाही, राज्याचा लागतो, आणि राज्याराज्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. विस्कॉन्सिन-मॅडिसनच्या टीएंनी १९७० मध्येच पहिला करार मिळवला होता. कॅलिफोर्नियात टीएंना आधीपासून हक्क होता, आरएंना तो २०१७ च्या कायद्याने मिळाला. ओहायोचा कायदा ग्रॅज्युएट असिस्टंटना सामूहिक वाटाघाटींमधून वगळतो. नॉर्थ कॅरोलायनात सरकारी संस्थांना असा करार करायलाच बंदी आहे. न्यूयॉर्क आणि मिशिगनमध्ये करार होतो, पण सरकारी कर्मचाऱ्यांचा संप बेकायदेशीर ठरतो. आपल्या राज्याची स्थिती वकिलाकडून लेखी घ्या. दुसऱ्या राज्यातल्या मित्राने सांगितलेलं इथे चालत नाही.

यादी

सगळ्या कामाचा पाया एक स्प्रेडशीट आहे. ती विद्यापीठाच्या खात्यावर ठेवू नका, विद्यापीठाच्या ईमेलवरून पाठवू नका. रकाने असे: नाव, वैयक्तिक ईमेल आणि फोन, डिपार्टमेंट, लॅब किंवा कोर्स, बसण्याची जागा, कितवं वर्ष, पैसे कुठून येतात (टीए, आरए की फेलोशिप), शेवटचं बोलणं कधी आणि कोणाशी झालं, आणि एक ते पाच असा अंदाज. एक म्हणजे स्वतः काम करणारा, दोन म्हणजे पाठीशी असलेला, तीन म्हणजे कुंपणावर, चार म्हणजे विरोधात, पाच म्हणजे अजून कोणी बोललेलंच नाही. व्हिसाचा रकाना मुद्दाम ठेवायचा नाही. ही माहिती भलत्याच्या हाती पडली तर नुकसान भरून येत नाही.

अंदाज कृतीवरून लावा, गोड बोलण्यावरून नाही. ‘हो, छान आहे, मी पाठीशी आहे’ म्हणणारा माणूस तीनच. त्याने सही केली, मग शेजारच्या दोघांना सभेला आणलं, की तो दोन किंवा एक. या बाबतीत ढिलाई केली की यादी दिसायला सुंदर होते आणि संपाच्या दिवशी निम्मी माणसं कामावर जातात.

दर दहा कामगारांमागे एक कार्यकर्ता हे प्रमाण धरा. युनिट, म्हणजे ज्यांच्या वतीने युनियन करार करणार ते सगळे कामगार, १,८०० जणांचं असेल तर १८० जणांची संघटन समिती लागते, आणि ती सगळ्या इमारतींत पसरलेली हवी. इतिहास आणि इंग्रजी डिपार्टमेंटमधून पन्नास कार्यकर्ते सहज मिळतात; तिथे सगळे एका ऑफिसात बसतात, पगारही कमी असतो. अडतं ते केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंजिनीअरिंगमध्ये. तिथे माणसं सहा-सहाच्या लॅबमध्ये विखुरलेली असतात, आणि जो पगाराच्या कागदावर सही करतो तोच प्रबंधावरही करतो. पण युनिटचा मोठा भाग बहुधा तिथेच असतो, म्हणून सुरुवात तिथून करा. प्रत्येक लॅबमध्ये ज्याचं बाकीचे ऐकतात असा एक माणूस शोधा. तो नेहमी सर्वांत बोलका असतो असं नाही. मशीन बिघडलं किंवा पेपर अडकला की लोक ज्याच्याकडे जातात, तो.

समोरासमोर बोलणं

मेसेज, पोस्टर, ईमेल यांनी बातमी पोचते, माणूस जोडला जात नाही. पंचवीस-तीस मिनिटांचं समोरासमोर बोलणं लागतं आणि त्यात सत्तर टक्के वेळ समोरच्याने बोलायचं. विचारायचं असं: या सेमिस्टरमध्ये काम किती तास पडतं? भाडं दिल्यावर हातात काय उरतं? मागच्या वेळी इन्शुरन्सचा क्लेम नाकारला तेव्हा काय केलंत? ऐकून घेतल्यावर हा त्रास आणखी किती जणांना आहे हे सांगायचं, एकट्याने डीनकडे गेल्यावर काय होतं हे त्यालाच विचारायचं, आणि मग एक ठोस गोष्ट मागायची: आज सही, किंवा गुरुवारी सभा. काही न मागता बोलणं संपवलं तर ते फुकट गेलं.

विद्यापीठ पुढे काय म्हणेल हे आधीच सांगून ठेवा. ‘युनियन बाहेरची संस्था आहे’, ‘तुमचं आणि ॲडव्हायजरचं नातं बिघडेल’, ‘वर्गणी जास्त आहे’, ‘सगळ्यांना एकच पगार होईल’: ही चार वाक्यं जवळजवळ प्रत्येक ठिकाणी येतात. ज्याने ती आधी आपल्या सहकाऱ्याकडून ऐकली आहेत तो प्रोव्होस्टचा (विद्यापीठाच्या शैक्षणिक कारभाराच्या प्रमुखाचा) ईमेल वाचून दचकत नाही. वर्गणीचा आकडा लपवू नका. यूएडब्ल्यू या मूळच्या वाहन कामगारांच्या मोठ्या युनियनशी जोडलेल्या विद्यार्थी युनियनमध्ये ती पगाराच्या १.४४ टक्के असते, म्हणजे ३२,००० डॉलरवर वर्षाला सुमारे ४६१ डॉलर, आणि पहिला करार सभासदांनी मंजूर करेपर्यंत घेतली जात नाही.

भारतातून आलेल्या मुलामुलींशी बोलताना दोन भीती हमखास समोर येतात: व्हिसा आणि ॲडव्हायजर. दोन्ही खऱ्या आहेत, त्यांना ‘काही होत नाही रे’ म्हणून उडवून लावू नका. खासगी विद्यापीठात एफ-१ (विद्यार्थी) किंवा जे-१ (एक्स्चेंज) व्हिसावर असलेल्यालाही सही करण्याचा, मत देण्याचा, युनियनमध्ये पद घेण्याचा आणि संपावर जाण्याचा तोच हक्क आहे जो अमेरिकन नागरिकाला आहे. एफ-१ चा दर्जा पूर्णवेळ नोंदणीवर उभा असतो, नोकरीवर नाही. संपात काम थांबवायचं, पण नोंदणी, स्वतःचे कोर्स आणि प्रबंध चालू ठेवायचे. नियमांत एक तरतूद मात्र माहीत असावी: एखाद्या कामाच्या ठिकाणी संप चालू असल्याचं केंद्रीय कामगार मंत्र्यांनी प्रमाणित केलं तर त्या कामापुरती एफ-१ ची कामाची परवानगी स्थगित होते. म्हणून संपाच्या मतदानाआधी इमिग्रेशन वकिलाचं लेखी मत घ्या आणि सभेत वाचून दाखवा. आणि ज्या कृतीत अटक होण्याची शक्यता आहे, रस्ता अडवणं किंवा इमारतीत ठाण मांडणं, त्यात व्हिसावर असलेल्यांना उभं करू नका. ती जबाबदारी नागरिक असलेल्या सहकाऱ्यांनी घ्यायची.

कार्ड आणि मतदान

मतदानाचा अर्ज करायला कायद्याने ३० टक्के सह्या पुरतात. ३० वर अर्ज करू नका. ६५ ते ७० टक्क्यांवर करा. विद्यापीठाची मोहीम सुरू झाली की पाठिंबा खाली येतो, वर जात नाही. कार्डावर वाचता येईल असं नाव, सही आणि सहीची तारीख हवीच. तारीख नसलेलं कार्ड मोजणीत धरत नाहीत. इलेक्ट्रॉनिक सही चालते. सह्या एका सेमिस्टरच्या आत गोळा करा, कारण मे महिन्यात एक बॅच पदवी घेऊन जाते, ऑगस्टमध्ये नवी येते, आणि जुनी कार्डं गेलेल्या माणसांची होतात.

यूएडब्ल्यू, यूई, एसईआययू, एएफटी, सीडब्ल्यूए, युनाइट हिअर अशा मोठ्या युनियन विद्यार्थ्यांना जोडून घेतात. निवडताना नाव पाहू नका, पाच गोष्टी विचारा: संपभत्ता किती आणि कितव्या दिवसापासून, पूर्णवेळ संघटक किती देणार, वकील कोण, टेबलावर कोण बोलणार, आणि करारावर आमच्या मताशिवाय वरून सही होऊ शकते का.

युनिटमध्ये कोण मोडतं यावर विद्यापीठ भांडतं. फेलोशिपवरच्यांचा प्रश्न सर्वांत चिवट आहे. एमआयटीत २०२३ मध्ये एनएलआरबीच्या प्रादेशिक संचालकांनी फेलोंना युनिटबाहेर ठेवलं. ज्यांची फेलोशिप आणि आरएशिप आलटून पालटून येते त्यांचा हिशेब आधी करून ठेवा. मतदारयादी विद्यापीठ देतं. ती आपल्या स्प्रेडशीटशी ओळ न् ओळ ताडून पाहा. हार्वर्डमध्ये २०१६ ची यादी अपुरी निघाली म्हणून मंडळाने फेरमतदान घ्यायला लावलं, ते २०१८ मध्ये झालं आणि युनियन १,९३१ विरुद्ध १,५२३ मतांनी जिंकली. निकाल पडलेल्या मतांच्या बहुमतावर लागतो, म्हणून मतदान उन्हाळ्यात नको आणि परीक्षेच्या आठवड्यातही नको.

या काळात प्रशासनाने धमकी देणं, युनियनबद्दल उलटतपासणी करणं, विरोधाच्या बदल्यात आमिष दाखवणं आणि पाळत ठेवणं बेकायदेशीर आहे. असं घडलं की त्याच दिवशी तारीख, वेळ, शब्द आणि साक्षीदार लिहून ठेवा. मंडळाकडे तक्रार करायची मुदत सहा महिन्यांची आहे.

मागण्या

जिंकल्यावर विद्यापीठ बोलणी करायला बांधील असतं. मान्य करायला नाही. वाटाघाटी समिती निवडून द्या आणि तिच्यात मानव्यशास्त्र, विज्ञान, इंजिनीअरिंग, मास्टर्सचे ग्रेडर आणि परदेशी विद्यार्थी हे सगळे येतील अशा जागा ठरवून ठेवा. सर्वेक्षण छोटं ठेवा, पण निम्म्याहून जास्त युनिटने भरेपर्यंत थांबू नका. बोलणी सुरू होण्याआधी विद्यापीठाकडे लेखी माहिती मागा: प्रत्येक पदाचा पगार, नेमणुकीची टक्केवारी, फीची रक्कम, इन्शुरन्सचा खर्च, मागच्या तीन वर्षांचे आकडे. वाटाघाटीला लागणारी माहिती देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे, आणि टाळाटाळ हीच वेगळी तक्रार होते.

पगार, तास आणि कामाच्या अटी यांवर बोलणं सक्तीचं असतं. प्रवेश कोणाला द्यायचा, ग्रेड कशी द्यायची, प्रबंध कधी मंजूर करायचा, हे विषय ‘शैक्षणिक’ म्हणून बाहेर ठेवले जातात. सीमारेषेवरचे विषय कामाच्या भाषेत मांडायला शिका: ‘वर्गात विद्यार्थी कमी करा’ ऐवजी ‘दर टीएमागे तपासायच्या पेपरांची कमाल संख्या’.

पगाराचं गणित प्रत्येक समिती सदस्याला हाताने करता आलं पाहिजे. समजा सध्याचा स्टायपेंड ३०,००० आहे. तीन वर्षं दरसाल ४ टक्के वाढ म्हणजे ३१,२००, मग ३२,४४८, मग ३३,७४६, एकूण ९७,३९४. तीच वाढ ८, २, २ अशी घेतली तर ३२,४००, ३३,०४८, ३३,७०९, एकूण ९९,१५७. तिसऱ्या वर्षीचा पगार जवळपास तोच, पण हातात १,७६३ डॉलर जास्त, आणि पहिल्याच वर्षी पदवी घेऊन जाणाऱ्यालाही फायदा. एकरकमी बोनसला भुलू नका. पुढच्या वर्षीची टक्केवारी त्यावर चढत नाही. टक्केवारीपेक्षा सर्वांसाठी किमान पगाराची अट जास्त कामाची, कारण ती कमी पगाराच्या डिपार्टमेंटला वर ओढते. आणि फी आधी पाहा: ३२,००० वर ३ टक्के वाढ म्हणजे ९६० डॉलर. विद्यापीठाने विद्यार्थी शुल्क १,२०० ने वाढवलं असेल आणि ते तुम्हीच भरत असाल, तर सगळी वाढ त्यात जाऊन वर पदरचे द्यावे लागतात. फीमाफी किंवा फीवर मर्यादा पगाराच्याच कलमात अडकवा.

तासांच्या कलमात एक बारीक सापळा आहे. विद्यापीठ लिहितं: ‘सेमिस्टरभराची सरासरी आठवड्याला वीस तास’. एफ-१ वर असलेल्याला सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला वीस तासांचीच परवानगी असते, सरासरीची नाही. परीक्षेच्या आठवड्यात २८ तास लागले तर करार मोडत नाही, पण व्हिसाचा नियम मोडतो. म्हणून कमाल मर्यादा दर आठवड्याची हवी. तयारी, ऑफिस अवर्स, ईमेल आणि पेपर तपासणं तासांत मोजलेलं हवं. आणि काम जास्त होतंय असं टीएने कळवल्यावर ठरलेल्या दिवसांत कोणी ते कमी करायचं हेही लिहिलेलं हवं.

परदेशी विद्यार्थ्यांसाठी वेगळं कलम मागा: कॉन्सुलेटच्या तारखांसाठी पगारी रजा, व्हिसा व सेविस (परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी नोंद) शुल्काची भरपाई, स्टॅम्पिंग अडकून परतायला उशीर झाला तरी नेमणूक राखून ठेवण्याची हमी, आणि कामाची परवानगी परत मिळाल्यावर पूर्वीच्याच अटींवर रुजू होण्याचा हक्क.

लैंगिक छळ आणि भेदभावाच्या तक्रारींवर विद्यापीठ सर्वांत जास्त अडतं. त्यांना सगळं स्वतःच्या कार्यालयातच मिटवायचं असतं. तुम्ही बाहेरच्या लवादापर्यंत जाण्याची वाट आणि तक्रार चालू असताना ॲडव्हायजर बदलूनही पगार चालू राहण्याची हमी, दोन्ही मागा. दुसरी गोष्ट अनेकदा पहिलीपेक्षा लवकर मिळते आणि तक्रारदाराला ती आज लागते.

प्रत्येक कलमाला तीन प्रश्न विचारा: मोडलं तर तक्रार कोण करू शकतो, किती दिवसांत, आणि शेवटचा निर्णय कोणाचा? शेवटचा निर्णय प्रोव्होस्टचा असेल तर ते कलम केवळ सदिच्छा आहे. ‘प्रयत्न करेल’, ‘शक्य असेल तिथे’ हे शब्द दिसले की थांबा. विद्यापीठाच्या ‘व्यवस्थापनाचे हक्क’ या कलमात ‘या करारात दिलेल्या मर्यादांच्या अधीन’ एवढी ओळ घालून घ्या. करार चालू असेपर्यंत संप न करण्याचं कलम जवळपास नेहमीच येतं, म्हणून करार कोणत्या तारखेला संपतो याला फार महत्त्व आहे. जूनमध्ये संपणारा करार म्हणजे रिकाम्या कॅम्पसवर बोलणी. सेमिस्टरच्या मध्यावर, ग्रेड लावण्याआधी काही आठवडे संपेल अशी तारीख मागा.

टेबल आणि संप

बोलणी शक्य तितकी खुली ठेवा. सभासदांनी खोलीत किंवा झूमवर बसून ऐकलं की अफवा कमी होतात आणि समोरच्या वकिलाचा आवाजही बदलतो. आधी पैशांखेरीजची कलमं मिटतात. पैशांचा विषय महिनोन्‌महिने अडकतो. त्या काळात दर तीन-चार आठवड्यांनी एक चाचणी घ्या, आधीपेक्षा थोडी अवघड: नावानिशी जाहीर पत्रावर सही, मग एकाच दिवशी सगळ्यांनी बिल्ला लावणं, मग दुपारचा मोर्चा, मग संपाची लेखी तयारी. प्रत्येक चाचणीनंतर डिपार्टमेंटवार टक्केवारी काढा. एकूण आकडा ७० टक्के असूनही केमिस्ट्रीत २० असेल तर तुम्ही अजून संपाला तयार नाही.

संप पैशांसाठी असेल तर तुमच्या जागी कायमची दुसरी माणसं घेण्याचा मालकाला खासगी क्षेत्रात कायदेशीर हक्क आहे. विद्यापीठाच्या बेकायदेशीर वागणुकीविरुद्ध असेल तर नाही. म्हणूनच त्या तक्रारींच्या तारखा नीट लिहून ठेवायला सांगितलं.

टीएंचा संप ग्रेड लावण्याच्या सुमारास बोचतो. आरएंचं कठीण असतं, कारण पगाराचं काम आणि स्वतःचा प्रबंध एकाच बाकावर चालतो. प्रत्येक लॅबने आधीच लिहून काढावं: काय थांबणार, आणि पेशी, प्राणी किंवा सुरक्षिततेसाठी काय चालू राहणार. २०२२ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठात सुमारे ४८,००० जणांचा संप साधारण सहा आठवडे चालला, तेव्हा यूएडब्ल्यूचा संपभत्ता आठवड्याला ४०० डॉलर होता. भाडं त्यात भागत नाही. संपाआधी अडचण निधी उभा करा आणि त्याचे नियम आधीच जाहीर करा, नाहीतर पहिल्याच महिन्यात त्यावरून वाद होतो. विद्यापीठ कुठवर जाऊ शकतं हे टेंपलमध्ये २०२३ साली दिसलं: संपकऱ्यांची फीमाफी आणि आरोग्य विमा काढून घेतला गेला. तरीही सभासदांनी पहिला तात्पुरता करार ९२ टक्के मतांनी फेटाळला, आणि ४२ दिवसांच्या संपानंतर दुसरा मंजूर केला. औषधोपचार चालू असलेल्या सभासदांची यादी संपाआधी करा, त्यांची औषधं आगाऊ भरून घ्यायला सांगा.

सही झाल्यावर

मंजुरीच्या मतदानाआधी पूर्ण मसुदा वाचायला निदान चार-पाच दिवस द्या. सारांशावर मत मागू नका. मंजूर झाला की दर वीस-पंचवीस जणांमागे एक स्टुअर्ड (सहकाऱ्यांच्या तक्रारी पाहणारा युनियनचा प्रतिनिधी) नेमा. शिस्तभंगाची शक्यता असलेल्या चौकशीत युनियनचा प्रतिनिधी सोबत मागण्याचा हक्क १९७५ च्या वाइनगार्टन निकालाने मिळालेला आहे, पण तो मागावा लागतो. विद्यापीठ आपणहून सांगत नाही. तक्रारीची मुदत करारात दिवसांत दिलेली असते आणि ती चुकली की चांगलं प्रकरणही बाद होतं, म्हणून स्टुअर्डने घटना कळताच तारीख टाकून एका ओळीची का होईना, लेखी नोंद करावी. ऑगस्टच्या ओरिएंटेशनमध्ये युनियनला अर्धा तास मिळेल असं कलम घेतलं असेल तर पहिल्याच वर्षी तो वापरा: नव्या प्रत्येकाच्या हातात छापील करार, त्याच्या डिपार्टमेंटच्या स्टुअर्डचं नाव, आणि स्प्रेडशीटमध्ये त्याची एक ओळ.